रेपियर लॉग: दोन तलवारी, एक सुटलेली आणि एक बिनमुठीची

मंडळी, मागचा अपडेट टाकून वर्ष होत आलं, मधे दोघा-तिघांनी विचारलं की छंद सुटला का. सुटला नाही, पैसे सुटले, म्हणून गप्प होते. आता सगळं एकदमच लिहिते, तारखा थोड्या इकडेतिकडे होतील.

नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. मी मूळची साताऱ्याची, सध्या ड्युसेलडॉर्फला नोकरी, दर गुरुवारी संध्याकाळी एका शाळेच्या जिममधे आम्ही बाराएक जण इटालियन पद्धतीची रेपियर खेळतो. रेपियर म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातली युरोपियन लांब, अरुंद, मुख्यतः भोसकायची तलवार. स्पॅनिशमधे एस्पादा रोपेरा, म्हणजे अंगावरच्या कपड्यांसोबत मिरवायची तलवार. गंमत म्हणजे इटालियन उस्ताद तिला नुसतं स्पादा म्हणजे तलवार म्हणायचे, रेपियर हा वेगळा कप्पा आपण नंतर केला. आणि सिनेमात दिसते तशी ती विणायच्या सुईसारखी हलकी अजिबात नसते. किलो ते सव्वा किलो वजन, मीटरभर किंवा त्याहून लांब पातं. पहिल्या महिन्यात माझा खांदा असा धरला होता की ऑफिसात माउस डाव्या हाताने चालवत होते.

फेब्रुवारी २०२५. आधी लाजिरवाणं सांगून टाकते. ऑनलाइन लिलावात एक कप-हिल्ट, म्हणजे हात झाकणारी लोखंडी वाटी असलेली रेपियर दिसली, "१७ वं शतक, स्पेन, तोलेदो" असं लिहिलेलं, फोटो अंधारातले, किंमत माझ्या ऐपतीच्या जरा वर आणि खऱ्याच्या मानाने फारच खाली. इथेच शहाण्याने उठून चहा करायला जायचं असतं. मी बोली लावली.

पार्सल आलं, किचनच्या काट्यावर ठेवली तर १ किलो ६८० ग्रॅम. तिथेच पोटात खड्डा पडला. मग टॉर्च घेऊन वाटीच्या आत बघितलं. खऱ्या कप-हिल्टची वाटी पत्र्यातून ठोकून काढलेली असते आणि तिच्यावरची जाळी छिन्नी-कानशीने कोरलेली असते, त्यामुळे भोकांच्या आतल्या कडा धारदार, आणि कोणतीही दोन फुलं तंतोतंत सारखी नसतात. माझ्या वाटीत सगळी फुलं जुळी भावंडं, कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत, आणि आतून बरोब्बर मधोमध साच्याची शिवण. वाटीची बाहेर वळवलेली कडा असते ना, समोरच्याचं टोक घसरून बोटांवर येऊ नये म्हणून अडवणारी, ती पण ओतीवच. पातं तर सपाट पट्टी, मुठीपासून टोकापर्यंत जाडी जवळजवळ तेवढीच, आणि वर अ‍ॅसिडने खाऊन काढलेलं "तोलेदो". एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांच्या जिन्यात, हॉलमधे लटकवायला अशा तलवारी ढिगाने बनल्या. म्हणजे जुनी आहे, शंभरेक वर्षं सहज असेल, पण ज्या कामाची म्हणून घेतली त्या कामाची कधीच नव्हती. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला, नियमात लिहिलं होतं म्हणे, मी वाचलं नव्हतं. आता ती दारामागे आहे, छत्री अडकवायला बरी पडते.

त्यानंतर ठरवलं की काही महिने काही घ्यायचं नाही, फक्त बघायचं. आणि बघायला माझ्याइतकं नशीबवान कोण, एस-१ लोकलने झोलिंगेन अर्ध्या तासाच्या आसपास, तिथून वरच्या तारांवर चालणारी बस पकडून ग्रेफ्राथ. तिथल्या जुन्या मठाच्या इमारतीत जर्मन ब्लेड म्युझियम आहे. शतकानुशतकं पाती बनवणारं गाव, आजही सुऱ्या-कात्र्यांवर नाव असतंच. मी तिथे इतक्यांदा गेले की तिकिटावरच्या काकू आता माझी बॅग न मागता घेतात.

तिथे कळलेली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पात्यावर लिहिलेलं हे पुरावा नाही, जाहिरात आहे. स्पॅनिश पात्यांचा भाव जास्त, मग झोलिंगेनचे कारागीर खुशाल तोलेदो ठोकायचे, तोमास दे आयाला नावाच्या तोलेदोच्या प्रसिद्ध कारागिराचं नाव तर इतक्या ठिकाणी सापडतं की त्या माणसाने झोपही घेतली नसेल असं वाटावं. स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं. पळणाऱ्या लांडग्याची खूण मुळात पासाउ गावची, ती पण झोलिंगेनवाल्यांनी उचलली, आणि लांडगा म्हणजे काय तर छिन्नीच्या सात-आठ रेघा, निम्म्या वेळा तो आडवा पडलेला कंगवा वाटतो. मशीनवरची साडी येवल्याची पैठणी म्हणून खपवतात तोच धंदा, फक्त चारशे वर्षं जुना. आणि तरीही झोलिंगेनचं पातं वाईट असं अजिबात नाही, उत्तमच असायचं, बिचाऱ्यांना स्वतःच्या नावावर विकायला त्रास होत होता एवढंच.

मे. सरावाची तलवार. क्लबची उधारीची वापरत होते, पातं १०७ सेंमी, माझी उंची पाच फूट तीन इंच. म्यानात असती तर काढताना बाजूच्याच्या कानात गेली असती. लांबी किती असावी याच्यावर जुन्या उस्तादांचं एकमत नाही हे तुम्हाला माहितीय. सिएनाच्या कापो फेरोने १६१० मधे लिहिलंय की अख्खी तलवार हाताच्या दुप्पट, म्हणजे काखेपासून तळपायापर्यंत. अँटवर्पच्या तिबोचा हिशोब वेगळा, टोक जमिनीवर टेकवलं की मुठीपुढची आडवी दांडी बेंबीशी यायला हवी. मी भिंतीला टेकून पेन्सिलने खुणा केल्या (घरमालकाने अजून बघितल्या नाहीत). कापो फेरोप्रमाणे एकूण १२० म्हणजे मूठ वजा करता पातं १०४ च्या आसपास, तिबोप्रमाणे पातं ९६. मी इटालियन खेळते म्हणून १०४ सांगायला हवं होतं, मी शंभर सांगितलं. भित्रेपणा म्हणा.

कुठून घ्यायची यावर आपल्यात नेहमीची भांडणं आहेतच, हंगेरीतलं रेगेन्येई, फ्लॉरेन्सचं मालेउस मार्तियालिस, अमेरिकेत मिनियापोलिसचं आर्म्स अँड आर्मर, प्रत्येकाचे भक्त वेगळे. आणि हो, बऱ्याच जणांना माहिती नसतं की जगभरात विकल्या जाणाऱ्या रिप्रॉडक्शन तलवारींचा मोठा हिस्सा आपल्याकडूनच जातो, डेहराडूनचं विंडलास, मेरठचं दीपिका. क्लबमधल्या एका जर्मन पोराची पहिली तलवार डेहराडूनची आणि माझी पहिली जर्मनीतून घेतलेली बोगस, यावर गुरुवारी फार हसून झालंय. मी शेवटी एका छोट्या वर्कशॉपला ऑर्डर दिली, दहा आठवडे सांगितले, एकोणीस लागले, पण आली ती छान आली. १ किलो ९० ग्रॅम, तोल आडव्या दांडीपासून पुढे साडेनऊ सेंमीवर.

इथे एक गैरसमज काढते, कारण मलाही होता. सरावाची रेपियर म्हणजे खऱ्या रेपियरची बोथट कॉपी नव्हे. तिला छातीवर टेकल्यावर वाकायचं असतं, म्हणून टोकाकडचा भाग मुद्दाम लवचिक ठेवतात, कडा गोल आणि जाड ठेवतात, टोकावर रबर. जुनी खरी ही ताठ असते, तिला वाकायचं कारणच नव्हतं. त्यामुळे सरावाच्या तलवारीवरून जुनीचा अंदाज बांधू नका, आणि शोकेसमधे ठेवायला धारवाली रिप्रॉडक्शन घेणार असाल तर तिच्याकडून खेळाची अपेक्षा ठेवू नका.

जून. आता सुटलेली. एका लिलावाच्या आधीच्या प्रदर्शनात गेले. बघायला फुकट असतं आणि विचारलं तर हातात देतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! नायट्राइलचे हातमोजे दिले, टेबलावर जाड कापड टाकलं आणि एक स्वेप्ट-हिल्ट आणून ठेवली, वळणदार सळ्यांची परज, साधी, काळपट, कुठेही सोनंबिनं नाही. उचलली आणि हसूच आलं. १ किलो १४० ग्रॅम म्हणे, म्हणजे पुढे आलेल्या माझ्या सरावाच्या तलवारीपेक्षा ५० ग्रॅम जास्त, पण हातात कमी वाटली. परवानगी घेऊन जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, प्लास्टिकचा, धातूचा नको म्हणाले. मुठीशी ७.८ मिमी जाडी. दहा सेंमी पुढे ६.१. मधे ४.४. टोकाच्या जरा अलीकडे ३ ला टेकते. आणि हे उतरणं एकसारखं नाही, पहिल्या वीत-दीड वीतीत झपकन उतरतं मग हळूहळू, म्हणजे लोखंड जिथे समोरच्याची तलवार अडवायची तिथे साठवलंय आणि जिथे नुसतं पोचायचंय तिथे वाचवलंय. वहीत आकडे लिहिताना हात थरथरत होता, बाजूचा एक आजोबा म्हणाला पहिली वेळ का.

परजेच्या सळ्या पण बघा कधी हातात आली तर. रिप्रॉडक्शनमधे बहुतेक वेळा सगळ्या एकाच जाडीच्या असतात, गोल गजातून वाकवल्यासारख्या. जुनीत प्रत्येक सळी मधे फुगलेली, टोकांना निमुळती, आणि जिथे दोन मिळतात तिथे सांधा शोधून सापडत नाही.

मग कॅटलॉग वाचला. "परज अंदाजे १६२०, पातं नंतर जोडलेलं." झालं. फेब्रुवारीत तोंड पोळलेलं, मी वही मिटली. मनात म्हटलं परत कोणाची तरी जोडाजोड घरात आणायची नाही, घ्यायची तर एका जन्माची अस्सल. लिलावाच्या दिवशी ऑनलाइन बघत बसले, माझ्या बजेटच्या आत गेली. आत!

ऑगस्ट. दादा प्रभादेवीला पु. ल. देशपांडे अकादमीत गेला होता, रघुजी भोसल्यांची तलवार ठेवली होती ना तिथे, राज्य सरकारने लंडनच्या लिलावात ४७ लाख १५ हजारांना घेतलेली. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले. सरळ, एकधारी, युरोपात बनलेलं पातं, त्यावर आपल्याकडची सोन्याच्या नक्षीची मूठ, आणि देवनागरी लेखात सरळसरळ "फिरंग" लिहिलेलं. मी बसमधे होते, स्टॉप गेला.

कारण लहानपणापासून फिरंग हा शब्द ऐकलाय, सातारकरांना कोण शिकवणार, पण डोक्यात कधी आलंच नाही की फिरंग म्हणजे व्याख्येनेच जोडलेली तलवार. पातं समुद्रावरून यायचं, मूठ इथे बसायची. तिला कोणी "असोसिएटेड", म्हणजे कॅटलॉगच्या भाषेत नंतर जोडलेली, म्हणून नाक मुरडत नाही. आणि युरोपातही वेगळं काय होतं? पाती बनवणारे वेगळे, मुठी बसवणारे वेगळे, झोलिंगेनहून पाती नुसतीच गठ्ठ्याने जायची आणि ज्या त्या गावच्या फॅशनप्रमाणे मूठ चढायची. पातं मोडलं तर नवं, मूठ जुनाट वाटायला लागली तर मूठ नवी. सतराव्या शतकात वापरणाऱ्याने पातं बदललं तर तो तलवारीचा संसार झाला. एकोणिसाव्या शतकात दुकानदाराने दोन मोडक्या जोडून एक "संपूर्ण" केली तर ती बनवाबनवी. प्रश्न जोडलीय का हा नाहीच, कधी आणि कशासाठी जोडलीय हा आहे. आणि हे मी त्या जूनच्या तलवारीत बघू शकले असते. पात्याचा मुठीत शिरणारा दांडा असतो, त्याचं टोक पॉमेलच्या, म्हणजे मुठीच्या शेवटच्या गोळ्याच्या वर ठोकून बसवतात, ते ठोकलेलं तिथे जुनंच होतं, भोवतीच्या लोखंडासारखंच काळं, कुठे ताज्या कानशीची चमक नाही, पातं परजेच्या खाचेत घट्ट, पाचर नाही, फट नाही. सगळं डोळ्यासमोर होतं आणि मी एक ओळ वाचून घाबरले.

मधल्या महिन्यांत विशेष काही नाही. सराव, एकदा अंगठ्याला सूज, एका पुण्याच्या मित्राने विचारलं की इथून घेऊन येऊ का भारतात. बाबा रे, आधी शस्त्र कायदा वाच, नऊ इंचाच्या वरचं पातं त्यात येतं, कस्टम्सला "छंद आहे" सांगून भागत नाही. आणि उलट बाजूने, आपल्याकडची शंभर वर्षांच्या वरची तलवार बाहेर न्यायची तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, ते डोक्यातही आणू नका.

नोव्हेंबर. आणि ही चौथी. एका छोट्या शस्त्रमेळ्यात शेवटच्या टेबलाखाली, गंजक्या संगिनींच्या खोक्यात, नुसतं पातं. मूठ नाही, परज नाही, टोक दोनेक इंच मोडलेलं. ८९ सेंमी उरलंय. मधे पन्हळ, पन्हळीत काही अक्षरं, त्यातलं फक्त "ए एन एम" वाचता येतं, आणि खाली आपला कंगवा, म्हणजे लांडगा. लांडगा पुरावा नाही हे मीच वर लिहिलंय, माहितीय. पण जाडी मोजली, ७.२, ५.८, ४.१, पहिल्या वीतीत झपकन आणि मग हळू. विक्रेत्याने जो भाव सांगितला तो दारामागच्या छत्रीवालीच्या एक चतुर्थांश. घासाघीस पण केली नाही, पाप लागलं असतं.

घरी आणून दांडा नीट बघितला तर शेवटच्या चार सेंमीला लोखंड वेगळं, जोड देऊन लांबवलेलं, तिरका सांधा नखाला लागतो. म्हणजे निदान एकदा तरी हिची मूठ उतरवून दुसरी, मोठी मूठ चढवलेली. कोणी, कुठे, ते गेलं. मी फक्त मऊ कापड, थोडं तेल, मग मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (गंज रोखणाऱ्या मेणाचा) एक हात एवढंच केलं. काळपटपणा घासून चकचकीत करायचा सल्ला देणाऱ्यांनी कृपया आपापल्या घरची तांब्याभांडी घासावीत.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. ती भाजी निवडत होती, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "मूठच नाही गं हिला, मग धरायची कुठे?" मी म्हटलं बसवून घेईन कधीतरी. "बसव बाई, आणि आधी ती दारामागची काढून टाक, पाहुण्यांना काय वाटेल."

मूठ बसवावी की पातं आहे तसंच ठेवावं यावर माझं नक्की होत नाहीये. दांड्याचा फोटो आणि दर पाच सेंमीची जाडी रविवारी टाकते, ज्यांनी जुनं पातं प्रत्यक्ष मोजलंय त्यांनी आपले आकडे पण द्या, वजनासकट.