वारं फिरलंच नव्हतं

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री सव्वानऊला मी पाठवलेला निरोप जेमतेम चौदा सेकंदांचा होता. मावठा (हिवाळ्यातला पाऊस) निघून गेलाय, उद्यापासून आकाश मोकळं, हवा कोरडी, रात्रीचा पारा तीन-चार अंशांनी उतरेल, बटाट्याला पाणी द्यायला हरकत नाही. अर्थात हिंदीतून. इंदूरच्या एका शेती-सल्ला कंपनीत मी हवामानाचं टेबल सांभाळते, आणि सांवेर, देपालपूर, महू, देवास भागातल्या बटाटा-लसूणवाल्यांच्या फोनवर माझा आवाज जातो.

यातलं पहिलं वाक्य खरं ठरलं. बाकीची चारही खोटी.

भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या पश्चिमी झंझावाताला इथे सगळे ‘विक्षोभ’च म्हणतात. त्याच्या पोटात पुस्तकातली शीत आघाडी असते, म्हणजे थंड हवा उबदार हवेला रेटत येते ती सीमा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेच्या बर्गेनमध्ये बियर्कनेस पितापुत्रांनी ही कल्पना मांडली आणि नाव थेट युद्धभूमीवरून उचललं. (पुण्याच्या मावशीला मी एकदा ‘आघाडी येऊन गेली’ म्हटलं, तर ती म्हणाली, कुठल्या पक्षांची?) युरोपात आघाडी डोक्यावरून गेली की वारं फिरतं, हवेचा दाब चढतो आणि पारा तासाभरात कोसळतो. आपलं माळव्याचं पठार पडलं कर्कवृत्तावर. खरी आघाडी काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून जाते. आपल्या वाट्याला तिची शेपटी येते, राजस्थानावर बनलेला एखादा कमी दाब येतो आणि त्याने अरबी समुद्रातून ओढून आणलेली ओल येते. कधी ही ओल भयंकर रूप घेते. 26 नोव्हेंबर 2023 ला गुजरातेत एका दिवसात वीज पडून वीसहून जास्त माणसं गेली ती अशाच मेळातून. तेव्हापासून आमच्याकडे मावठा येणार म्हटलं की फोन थांबत नाहीत. गेल्यावर पुढे काय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही, आणि ते सांगणं जास्त अवघड आहे.

माझ्या या निरोपाच्या वर्षी मावठा नावालाच पडला, जमीन दोन बोटंही भिजली नाही. संध्याकाळी मी उपग्रहाचं चित्र पाहिलं. ढगांचा मोठा पट्टा झाशीच्या पलीकडे सरकला होता, मागे माळवा काळा, म्हणजे स्वच्छ. भोपाळहून रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला फुगा सोडतात, त्याचा आलेखही पाहिला. वरची हवा कोरडी ठणठणीत. खालच्या पाचशे मीटरांत मात्र तापमानाची आणि दवबिंदूची रेघ एकमेकींना चिकटून चालली होती, म्हणजे तिथली हवा ओलीने भरलेली. त्यावर माझी नजर गेली, थांबली नाही. डोक्यात ‘सिस्टिम गेली’ हे पक्कं बसलं होतं.

निरोप पाठवून गॅलरीत गेले. आईने त्रिपुरी वाती लावल्या होत्या. साडेसातशे वातींचा जुडगा एका पणतीत जळत होता आणि ज्योत अशी ताठ उभी, की आई म्हणाली, “यंदा एकदाही आडोसा धरावा लागला नाही बघ.” मी पण म्हटलं, हो ना, छान. हवामानाचं शिक्षण घेतलेली बाई असं म्हणाली! उत्तरेचं वारं सुटलं असतं तर त्या गॅलरीत ज्योत दोन मिनिटं टिकली नसती.

पहाटे पावणेसहाला जाग आली ती उकडल्यामुळे. पायाखालची फरशी ओली, समोरच्या इमारतीचा पाचवा मजला गायब. माझ्याकडे हाताने गरगर फिरवायचा सायक्रोमीटर आहे: एका दांड्यावर दोन तापमापक, त्यातल्या एकाच्या टोकाला मलमलीची ओली पट्टी. हवा कोरडी असली की पट्टीतलं पाणी उडतं आणि ओला पारा कोरड्याच्या बराच खाली बसतो. मी पट्टी भिजवली, दीड मिनिट फिरवला, आधी ओला वाचला: 16.4. कोरडा: 16.8. वाटलं, पट्टी नीट भिजली नसेल. पुन्हा भिजवली, पुन्हा फिरवला. तेच. हवेला आणखी पाणी प्यायला जागाच नव्हती. माझ्या रात्रीच्या अंदाजाने पारा 12 अंशांच्या आसपास हवा होता.

मग जे आदल्या रात्री बघायला हवं होतं ते उघडलं. रात्रीच्या साध्या अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या) चित्रात ढग दिसतो तो थंड असतो म्हणून. उंचावरचा ढग उणे तीस-चाळीस अंश, पांढराशुभ्र. जमिनीपासून तीन-चारशे मीटरवर बसलेला ढग जवळपास जमिनीइतकाच उबदार, म्हणून तिच्याच रंगात विरून जातो. त्यासाठी दोन अवरक्त पट्ट्यांची वजाबाकी केलेलं वेगळं चित्र असतं, धुकं आणि खालचा ढग दाखवणारं. त्यात रात्री अकरापासून देवास-इंदूरवर डाग पसरत गेलेला दिसत होता. उजाडल्यावर सूर्यप्रकाशातलं चित्रही आलं. तव्यावर ओतलेल्या धिरड्यासारखा सपाट ढग, कडा महूच्या घाटापर्यंत.

थंडी हुकली तर लोक शिव्या देऊन सोडून देतात. पण कोरडं सांगून ओलं निघालं की बटाट्याचं गणित उलटतं. उशिराच्या करप्याला (बटाट्याची पानं जाळणाऱ्या बुरशीसारख्या रोगाला) हवं असतं नेमकं हेच: सलग दोन दिवस किमान तापमान 10 च्या वर आणि रोज निदान सहा तास 90 टक्क्यांवर आर्द्रता. ब्रिटनमध्ये हटन निकष म्हणून हेच वापरतात. अशा हवेत पाणी बंद ठेवायचं आणि करपा दिसण्याआधी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारायचं. मी नेमकं पाणी द्या सांगितलं होतं.

सव्वासहाला पहिला फोन सांवेरकडच्या काकांना केला. बाबांचे जुने मित्र, लोकमान्य नगरात घर, शेतावर दहा बिघे बटाटा.

“काका, पाणी सोडलं का?”

“अगं, लाईट रात्री अकराला आली. तू हो म्हणालीस म्हणून लगेच पंप चालू केला. सहा सऱ्या झाल्या, सातवी चालू आहे.”

“बंद करा. मी चुकले. ढग हलणार नाही इतक्यात.”

ते एवढंच म्हणाले, “थांब, ओरडून सांगतो त्याला,” आणि फोन चालू ठेवूनच धावत गेले. पंपाची घरघर थांबलेली मला ऐकू आली.

ऑफिसात सरांचं म्हणणं, एका दिवसात उलट निरोप गेला तर लोक म्हणतील यांनाच कळत नाही. मी म्हटलं, कळलं नव्हतंच. मग ‘चूक’ शब्द असावा की ‘बदल’, यावर तासभर. शेवटी ‘बदल’ गेला, पावणेअकराला. काकांना सव्वासहाला कळलं, बाकीच्यांना साडेचार तासांनी. हे मला अजून टोचतं. त्यांच्यातल्या कुणाशीच माझी ओळख नव्हती, एवढाच त्यांचा दोष.

ढग दोन दिवस तसाच बसून राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास गच्चीवरच्या दोरीवरची आईची साडी एकदम आग्नेयेकडे फुगली. संध्याकाळी दोन पाऱ्यांत सात अंशांचं अंतर पडलं. रात्री कोपऱ्यावर गराडूची (तळलेल्या कंदाची) कढई लागली. इंदुरात थंडीची अधिकृत घोषणा तीच.

पाचव्या दिवशी पहाटे सांवेरला गेले. आता गारठा चांगलाच होता. काकांनी न भिजवलेल्या सऱ्यांवर दव वाळल्यावर वेळेत फवारणी करून घेतली होती, त्या हिरव्यागार होत्या. बांधालगतच्या सहा सऱ्यांत त्यांनी एक पान उलटं करून माझ्यासमोर धरलं. वरून चहाच्या डागासारखा तपकिरी चट्टा, त्याच्या कडेने खालच्या बाजूला पांढरी लव, पिठाचं बोट फिरवल्यासारखी.

“या सहा तुझ्या नावावर,” काका म्हणाले. रागावले नव्हते, पण हसतही नव्हते.

ते रोजची हवा एका डायरीत लिहितात. पौर्णिमेच्या पानावर त्यांनी माझा निरोप ऐकून दुसऱ्या दिवसाचं आधीच लिहून टाकलं होतं, ‘आकाश मोकळं’. त्यावर आता काट होती.

“बोल, उद्याचं काय लिहू?”

शेजारच्या खोपटात चूल पेटली होती. मी आधी तिचा धूर कुठे जातोय ते पाहिलं.