भोसरीचं नॅट

आमचं मूळ काम कुलपांच्या बॉड्या आणि दुचाकीचे जस्ताचे सुटे भाग. भोसरी एमआयडीसीतला छोटा शेड, वडिलांनी लावलेली दोन हॉट चेंबर मशीन, म्हणजे वितळलेलं जस्त साच्यात दाबणारी. विमानांचं वेड मात्र माझं. परदेशी डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली धातूची, विमानांची मॉडेल मागवून विकायला लागलो तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "खेळणीच विकायची होती तर मशीन कशाला चालवतोस?"

स्पिटफायर, मस्टँग, मेसरश्मिट हातोहात जायची. पण गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न असायचा, "आपल्या एअरफोर्सचं काही नाही का?" नॅट हे ब्रिटिश बनावटीचं छोटं जेट विमान, पण दिसायचं ते बहुधा रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरतींच्या पथकाचं, लालभडक आणि दोन आसनी. ब्रिटिशांनी नॅट वापरलं ते प्रशिक्षणासाठी. एकआसनी लढाऊ म्हणून त्याचं नाव झालं ते १९६५ आणि १९७१ ला आपल्याकडे. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानची सेबर विमानं चालून आली, तेव्हा निर्मलजितसिंग सेखों याच एकआसनी नॅटमधून झुंजले. हवाईदलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचंच. दोन आसनी नॅट जवळपास मीटरभर लांब आणि पंखांनाही मोठं, त्यामुळे लाल रंग खरवडून आपल्या हवाईदलाचं तिरंगी गोल चिन्ह, म्हणजे चक्र, लावलं तरी जाणकार दुरूनच ओळखतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ ला ७०. स्केल मॉडेलही त्याच सदरात मोडतात. विक्रीचं गणित कोलमडलं आणि आम्ही स्वतःची डाय, म्हणजे साचा, करायला घेतली.

१/७२ मापात नॅटचे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर भरतात, स्पिटफायर साडेपंधरा. कुलपाच्या बॉडीला भिंत जाड चालते. इथे पंखाची मागची कड जितकी पातळ करावी तितका धातू टोकाला पोचायच्या आत थिजतो. साचा बनवणाऱ्या टूलरूमवाल्याने गेट, म्हणजे धातू आत शिरायचं तोंड, दोनदा बदललं तेव्हा कुठे साचा पूर्ण भरू लागला. नाकाची पिटो नळी (वेग मोजणारी) प्लास्टिकची ठेवली, तिथे हट्ट केला नाही.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही: झमॅकमध्ये, म्हणजे ओतायच्या जस्ताच्या मिश्रधातूत, भंगार मिसळायचं नाही. शिशाचा अंश राहिला तर मॉडेल आज सुरेख दिसतं आणि काही वर्षांनी कपाटातच फुगून तडकतं. कुलपाच्या कामात रनर, म्हणजे साच्याच्या वाटेत उरलेला धातू, परत वितळवतो, विमानाच्या भट्टीत फक्त नवे इनगॉट, म्हणजे कोऱ्या धातूच्या लगडी. खर्च वाढतो, वाढू दे.

छपाईला पॅड प्रिंटिंग, म्हणजे मऊ गादीने रंगाचा ठसा उमटवणं. चक्राचे तीन रंग म्हणजे तीन ठसे, केसभर सरकले तरी माल बाद. केशरी रंगावरून आमच्याकडे जेवढे वाद झाले तेवढे पगारावरून झाले नसतील.

पहिला लॉट बघायला हवाईदलातून निवृत्त झालेले एक फिटर काका आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मॉडेल उलटं केलं आणि चाकांच्या झाकणांवर नख फिरवलं. म्हणाले, "बाळा, नॅटला वेगळा एअरब्रेक नव्हता. चाकं अर्धी सोडायची, ही झाकणंच ब्रेक. तशी अर्धी उघडी देता येतील का?" आता डब्यात चाकांचे तीन संच असतात: मिटलेली, पूर्ण उघडी आणि काकांची. मागणी सगळ्यात जास्त काकांच्या संचाला आहे.

त्यानंतर दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन हे लढाऊ विमान घेतलं, १९४४ ला अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळला लढलेल्या पहिल्या स्क्वाड्रनचं. त्यावरच्या चक्रात ब्रिटिश चक्रासारखा लाल ठिपका नाही म्हणून काहींनी माल परत पाठवायची भाषा केली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी घोटाळा होऊ नये म्हणून दोस्त राष्ट्रांनी लाल रंग काढून टाकला होता, चक्र निळ्याच दोन छटांत होतं. आता ती ओळ डब्यावरच छापतो.

कुलपांचं काम बंद केलेलं नाही. बँकेचा हप्ता अजून तेच भरतं. दुसऱ्या मशीनवर सोमवारपासून नॅटचा पुढचा लॉट लागतोय, १९६५ चा, बिनरंगाचा चांदीसारखा. त्यात ओतकामातला बारीकसा डागही लपत नाही, म्हणून पॉलिशला दोन पोरं वाढवलीत.