दरपत्रकात न दिसणारे पुरवठादार

रसायन कारखान्याच्या खरेदी विभागात असताना दर, शुद्धता आणि माल पोहोचण्याची मुदत या तीनच गोष्टी पाहण्याची मला सवय होती. पुरवठादाराचे सांडपाणी कुठे जाते, हा प्रश्न दरपत्रकात कधी नसे. २०११ मध्ये बीएएसएफ, बायर, एव्होनिक, हेंकेल, लँक्सेस आणि सोल्व्हे या सहा रसायन कंपन्यांनी सुरू केलेला ‘टुगेदर फॉर सस्टेनेबिलिटी’ हा पुरवठादारांचे पर्यावरण आणि सुरक्षेबाबतचे वर्तन तपासणारा उपक्रम मला आवडतो तो एका व्यवहारी कारणासाठी: पुरवठादाराची तपासणी एकदाच होते आणि तिचा अहवाल सर्व सदस्यांना वापरता येतो. निरनिराळ्या ग्राहकांच्या प्रश्नावल्यांत तीच ती माहिती भरणाऱ्या लहान कारखानदारालाच याचे मोल कळेल. कागदपत्रांवरून होणारे मूल्यमापन इकोव्हाडिस ही मूल्यांकन कंपनी करते, तर तपासनीस कारखान्यात जाऊन पाहणी करतात. माझा भरवसा पाहणीवर अधिक, कारण धोरणाची फाइल सल्लागाराकडून तयार करून घेता येते (आणि घेतलीही जाते), पण द्रावकांच्या साठवणीची शिस्त आणि सांडपाणी प्रक्रियेच्या जुन्या नोंदी एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. तरीही गुण कमी पडले म्हणून पुरवठादाराला तडकाफडकी वगळणे मला पटत नाही. गंभीर धोका नसेल, तर सुधारणेला मुदत द्यावी आणि तोवर मागणी चालू ठेवावी, कारण नव्या यंत्रणेचा खर्च त्याला त्याच मागणीतून भागवायचा असतो.