पाठ लागली की हात सुटतात

परवा दुपारी लाइट गेली. आमच्याकडे गेली की तासभर तरी येत नाही, म्हणून गिरणीचं शटर अर्धं ओढून मी ओट्यावर बसलो. भाचा सुट्टीला आलाय. त्याने मोबाइल पुढे केला, "मामा, हा बघ, तुझ्यासारखा पैलवान. पण हेल्मेट घालून खेळतो."

मी आधी नीट पाहिलं नाही. मग पाहिलं, आणि लाइट येईपर्यंत तेच पाहत राहिलो.

हिदेतोरा हनादा. जपानचा, सुमोवाला. 2020 साली, कॉलेजच्या पहिल्याच वर्षात, त्याने अख्ख्या जपानची हौशी सुमो स्पर्धा मारली. तिथे त्या विजेत्याला हौशी योकोझुना म्हणतात. एवढं झालं की धंदेवाईक सुमोत थेट तिसऱ्या श्रेणीतून उतरता येतं, अगदी तळापासून चढावं लागत नाही. आणि ते चढणं काय असतं तेही ऐका. सुमोत पगार फक्त वरच्या दोन श्रेणींना, म्हणजे जेमतेम 70 पैलवानांना. खालचे शेकडो जण तालमीत राहून-जेवून घाम गाळतात, तोही वरच्यांची धुणी-भांडी करत. हनादाला अर्धा जिना आयता मिळत होता. तो त्या जिन्याकडे गेलाच नाही. 2023 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या विद्यापीठात दाखल झाला, अमेरिकन फुटबॉल खेळायला. पहिल्या फळीत, बचावाच्या बाजूने, जिथे सगळ्यात धिप्पाड गडी समोरासमोर वाकून बसतात.

तसा तो पहिलाच नाही. वाकानोहाना नावाचा 66वा योकोझुना, अव्वल पैलवान, 2000 साली सुमोतून निवृत्त झाला आणि त्यानेही अमेरिकन फुटबॉलचा नाद केला. तिथल्या मोठ्या लीगपर्यंत काही पोचला नाही.

भाच्याला वाटलं यात काय विशेष, ताकद आहे, रेटायचं. त्याने कधी कुस्तीची लांग लावलेली नाही, क्रिकेट खेळतो. त्याला सांगून उपयोग नव्हता म्हणून इथे लिहितोय.

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यात आमचं गाव. गावाबाहेर मारुतीच्या मागे तालीम, पत्र्याची. पहाटे चारला वस्ताद दार वाजवायचे. जोर, बैठका, मग मातीत जोड. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आजूबाजूच्या गावांत कुस्त्यांच्या दंगली व्हायच्या, पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या सकाळपासून आणि मोठ्या कुस्त्या दिवस कलल्यावर. माझा हातखंडा एकेरी पट, म्हणजे झेपावून समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव. पुढे चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीने 2014, 2015 आणि 2016 अशी लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हा गावभर मीच जिंकल्यासारखा फिरत होतो. माझी स्वतःची कमाई म्हणाल तर दोन पितळी हंडे आणि एक फेटा.

सोडलं ते खुराकापायी. एका वर्षी कापूस बोंडअळीने नेला. रोजचं तीन लिटर दूध आणि पावशेर बदाम वडिलांनी कुठून आणायचे? ते काही बोलले नाहीत. आईने एक दिवस तांब्यात दुधाऐवजी ताक दिलं, तेव्हा मला कळलं.

मग गावच्या मंडळाने कबड्डीत ओढलं. तुझ्या मिठीतून कोण सुटणार, म्हणाले. मलाही तसंच वाटलं. कोपऱ्यात उभं केलं. पहिला सामना शेजारच्या गावाशी. त्यांचा एक काटकुळा पोरगा चढाईला आला, माझ्याकडे पाय टाकला आणि मी पट काढला. दोन्ही मांड्या कवेत. तो माझ्या अंगावर, मी खाली. पाठ मातीला लागली.

आणि माझे हात सुटले.

मी सोडले नाहीत, सुटले. तो पोरगा सरपटत मध्यरेषेला बोट लावून मोकळा झाला, वर मला बाद करून गेला. आमचा कप्तान धावत आला, आमच्या अहिराणीत ओरडला, "हात काब्र सोडी दिना रे?" का सोडलास म्हणून. मी म्हणालो, "पाठ लागनी व्हती ना भो." तो माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मी भर पावसात पेरणी का थांबवली याचं कारण अमावास्या सांगितलंय.

दहा वर्षं एकच गोष्ट हाडात भरलेली होती. पाठ टेकली की खेळ संपला, उठायचं, समोरच्याच्या हाताला हात लावायचा, माती झटकायची. कबड्डीत पाठीला कोणी विचारत नाही. पाठ लागो, डोकं लागो, धरून ठेव. हे कळायला एक मिनिट लागलं. अंगवळणी पडायला पूर्ण हिवाळा गेला.

आता हनादाचं बघा. सुमोचं रिंगण 4.55 मीटर व्यासाचं. त्यातून पाय बाहेर गेला की हरलास. तळपायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला, तळहात का होईना, हरलास. आपल्या कुस्तीत निदान गुडघे टेकता येतात, पोटावर पडून दम खाता येतो. सुमोत तेवढीही सवलत नाही. आणि अमेरिकन फुटबॉलच्या फळीतला गडी एका सामन्यात कितीदा पडतो! पडतो, उठतो, पुन्हा रेटतो, चेंडूवाल्याला आडवं करेपर्यंत खेळ चालूच. ज्याच्या अंगात पडणं म्हणजे शेवट एवढंच मुरलंय, त्याने पडल्यावर पहिल्यांदा उठून पळायला सुरुवात केली असेल तो क्षण मला फार पाहायचा होता. भाच्याच्या व्हिडिओत तो नव्हता.

दुसरी गोष्ट सुरुवातीची. लोकांना सुमो म्हणजे पोटं आणि मीठ उधळणं एवढंच ठाऊक. खरी मजा भिडण्याच्या क्षणात आहे. पंच तिथे 'सुरू' म्हणत नाही. दोघं वाकतात, एकमेकांच्या डोळ्यात बघतात, श्वास जुळला की मुठी मातीला लावतात आणि त्याच झटक्याला आदळतात. दोघांच्या मर्जीने सुरू होतो हा खेळ. आमच्या खडाखडीत, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीच्या झटापटीतही, हे थोडं आहे. समोरच्याचा दम कधी आत, कधी बाहेर, हे त्याच्या मानेवर हात ठेवून कळतं. फुटबॉलच्या फळीतही तसंच वाकायचं, हात जमिनीला, ढुंगण खाली, पहिल्या झटक्यात जो खालून लागला त्याची सरशी. इथवर सुमोवाला घरचाच. पण तिथे समोरच्याच्या डोळ्यात बघून चालत नाही, चेंडूकडे बघायचं. चेंडू हलला की सुटायचं. आधी रेषा ओलांडलीस तर तुझ्या अकराच्या अकरा जणांना पाच यार्डांचा दंड.

कबड्डीत माझं दुसरं दुखणं हेच होतं. सातजणांची साखळी असते, शेजाऱ्याचा हात हातात असतो आणि मी एकटाच पुढे झेपावायचो. कप्तान म्हणायचा, "तू एकला नही शे रे भो." मला ते समजायचं, माझ्या पायांना समजायचं नाही. एकट्याची कुस्ती खेळलेल्या माणसाला आपली चूक दुसऱ्याच्या अंगावर पडते याची सवयच नसते. तालमीत हरलो तर मी हरायचो. इथे मी हात सोडला की सहाजण माना खाली घालायचे.

काही गोष्टी मात्र आयत्या कामी येतात, ते नाकारत नाही. सुमोवाले पाय उचलत नाहीत, मातीवरून घासत सरकवतात. रेटारेटीत पाय उचलला की तोल गेला, हे मातीत खेळलेल्याला सांगावं लागत नाही. मी आजही ज्वारीचं पोतं डोक्यावर असलं की तसाच चालतो. घरची म्हणते, चपला लवकर झिजतात.

कबड्डी मी चार हिवाळे खेळलो. मग गिरणी टाकली.

हे सगळं भाच्याला थोडक्यात सांगितलं. तो "हं हं" करत होता. मग म्हणाला, दाखव कसं वाकतात. ओट्याखालच्या मातीत मी त्याला वाकवलं, एक मूठ जमिनीला, पाठ सपाट. मी समोर. वय झालंय, पण म्हटलं पोरावर पुरे. खांद्याला हात दिला, एकाच रेट्यात उताणा पाडला. पाठ पूर्ण लागली, दोन्ही खांदे. मी निकाल लागला म्हणून वळलो, तर पाऊलच उचलेना. खाली बघतो तर त्याने माझी पोटरी दोन्ही हातांनी कवटाळलेली आणि दात काढून हसतोय.

"सोड, पाठ लागली तुझी."

"मग?" तो म्हणाला.

तेवढ्यात लाइट आली. गल्लीतल्या आजी दळायच्या कळण्याचा डबा घेऊन कधीपासून उभ्या होत्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "मन्हं दयन व्हयनं का, भाऊ?" मी म्हणालो, "थांबा आजी, हा पाय सोडत नाहीये."