तुम्ही विचारलंत म्हणून: केसांच्या सीरमविषयी

"मॅडम, ते सीरम खरंच काम करते का जी?" हा प्रश्न मला बचत गटाच्या बैठकीत, पालकसभेत आणि तालुक्याला जाणाऱ्या एसटीतही विचारला जातो, कारण माझे पिंजारलेले केस हल्ली बऱ्यापैकी बसलेले दिसतात. उत्तर असे की ते काम करते, पण आपल्या भागात मुख्यतः पावसाळ्यात.

केसाचे बाहेरचे आवरण कौलांसारखे एकावर एक बसलेल्या सूक्ष्म खवल्यांचे असते. हे खवले उचलले गेले की हवेतला ओलावा आत शिरतो, केस फुगतो, त्यातल्या केराटिन या प्रथिनाचे नाजूक बंध तुटून नव्याने जुळतात आणि प्रत्येक केस आपापली वाट धरतो. सीरममधले डायमेथिकोन हे सिलिकॉन खवल्यांवर पातळ थर देऊन हा ओलावा अडवते, म्हणून मृगाच्या सरी सुरू झाल्यावर त्याचा गुण दिसतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना मुळात हवेत ओलावाच नसतो. तेव्हा चकाकी येते, गुंता थोडा कमी होतो, त्यापलीकडे फारसे काही घडत नाही. त्या दिवसांत न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावणे मला अधिक पटते, कारण ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सीरमचे काम वरवरचे असून ते पुढच्या न्हाण्यात निघून जाते.

लावण्याची पद्धत मात्र नीट पाळावी लागते. खरखरीत टॉवेलऐवजी जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात केस टिपून घ्यावेत; ते ओलसर असावेत, निथळते नसावेत. हरभऱ्याच्या दाण्याएवढे सीरम तळहातांवर चोळून आधी टोकांना, मग कानांच्या पातळीपर्यंत लावावे आणि हाताला उरलेले तेवढेच वरून फिरवावे. टाळूला लावल्यास किंवा जास्त घेतल्यास संध्याकाळपर्यंत केस आठवडाभर न धुतल्यासारखे दिसतात, आणि आपल्याकडची धूळही त्यावर बसते.

बाटलीपेक्षा पाण्याचा दोष मोठा असतो, हे मात्र कोणी विचारत नाही. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार केसांवरही बसून ते राठ करतात. शेवटचा तांब्या पागोळ्यांच्या स्वच्छ पाण्याचा किंवा आरओच्या कॅनमधला घेतला, तर तेच सीरम कमी लागते.

जवसाचा घरगुती जेलही अनेकींनी विचारला. जवस पाण्यात उकळून, गरम असतानाच फडक्यातून गाळून तो करता येतो (थंड झाल्यावर गाळू पाहणाऱ्याने फडक्याची आशा सोडावी). कुरळ्या केसांना तो छान बांधून ठेवतो. पण तो पाण्यात विरघळणारा असल्यामुळे श्रावणात फार वेळ टिकत नाही, आणि फ्रीजबाहेर ठेवल्यास लवकर आंबतो.

ज्यांचे केस पिंजारण्याऐवजी गळत आहेत, त्यांना सीरमचा काही उपयोग नाही. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.