केजीएफ बघायचं तर दगडाच्या वाटेने

पहिली गोष्ट, केजीएफ म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स, कर्नाटकातल्या आता बंद पडलेल्या सोन्याच्या खाणींचं गाव. ते कोलार शहर नव्हे. नुसतं ‘कोलार’ म्हणून गाडीत बसलात तर खाणींपासून तीसेक किलोमीटर लांब उतराल. बंगळुरूहून बंगारपेट गाठायचं आणि तिथून फुटणाऱ्या फाट्यावरची मारिकुप्पमची लोकल धरायची. वाटेत कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन अशी स्थानकं लागतात. त्यांच्या नावांतच जुन्या खाणी आहेत.

इथे आलेले बहुतेक जण मातीच्या डोंगरांसमोर फोटो काढून परततात. मला तो सगळा उलटा क्रम वाटतो. दगड जसा गेला तसं चालावं: शाफ्ट म्हणजे खाणीत उतरणारी उभी विहीर, मिल म्हणजे दगड दळायची गिरणी आणि मग उरलेल्या दगडाचे ते डोंगर.

शाफ्ट दुरून ओळखू येतो तो हेडगियरवरून, म्हणजे वर मोठ्या कप्प्या बसवलेला लोखंडी सांगाडा. त्याचे दोन पाय तिरके पसरलेले असतात. ते ज्या बाजूला झुकलेत, त्या बाजूला वाइंडरचं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राचं, घर शोधा. वाइंडरच्या ड्रमवरून दोर कप्पीवर जाई आणि तिथून खाली माणसं नेणाऱ्या पिंजऱ्याला. दोराचा ताण सांगाड्याला वाइंडरकडे ओढायचा, म्हणून टेकू त्याच बाजूला. एवढं कळलं की पडक्या भिंतींमधूनही कामाची मांडणी दिसू लागते. ही यंत्रं चालवायला १९०२ पासून कावेरीवरच्या शिवनसमुद्र वीजकेंद्रातून, सुमारे १४७ किलोमीटरवरून, वीज येत होती.

चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तळाशी खडकाचं तापमान साठ अंशांच्या वर, आणि दाबाखालचा खडक अचानक फुटायचा. त्याला ‘रॉक बर्स्ट’ म्हणतात. त्यात कितीतरी कामगार गेले. याच खोलीचा उपयोग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केला. वरच्या खडकाच्या थराने वैश्विक किरण अडत, म्हणून १९६५ मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, इथे टिपता आले. २८ फेब्रुवारी २००१ ला खाणी बंद झाल्या, पंप थांबले आणि खालच्या पातळ्या पाण्याने भरत गेल्या.

म्हणून शाफ्टच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका. तोंडावरच्या फळ्या कुजलेल्या असू शकतात आणि कडेची माती आतून पोखरलेली असते. बंद भुयारात प्राणवायू कमी असतो आणि ते वासावरून कळत नाही, त्यामुळे माणूस सावध होण्याआधीच कोसळतो. जागा खाण कंपनीची आहे, परवानगी हवीच. ती मिळाली नाही तर रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढंही पुष्कळ आहे.

आता डोंगर. अखेरच्या काळात टनभर दगडातून तीन-चार ग्रॅम सोनं निघे. बाकीचा सगळा दगड पिठासारखा दळून, सायनाइडच्या द्रावणात सोनं विरघळवून घेतल्यावर, इथेच टाकला जाई. असा तीन कोटी टनांहून अधिक दगड ढिगांत साचलाय. लोक या ढिगांना ‘सायनाइड डंप’ म्हणतात. मात्र आज खरा त्रास बारीक धुळीचा. तिच्यातली सिलिका फुप्फुसात बसते. वारं असलेल्या दिवशी वारा जिकडून येतो त्या बाजूने जा, साधं फडकं पुरत नाही, एन-९५ मास्क लावा आणि बूट बाहेरच झटका. पावसाने ढिगात खोल घळी पडतात. वर कोरडी कडक पापडी दिसते, पण खाली माती सुटलेली असते. कडेवर उभं राहिलं की कड बसते. वर चढू नका. तिथल्या डबक्यांतलं पाणी हातालाही लावू नका.

वसाहतीत फिरताना विषमता लगेच जाणवते. एकीकडे अधिकाऱ्यांचे बंगले, क्लब, गोल्फचं मैदान. दुसरीकडे कामगारांच्या ‘लाइन्स’, जेमतेम एका खोलीची घरं, एकाला एक चिकटलेली. बंगले ओस पडलेत, पण लाइन्समध्ये माणसं राहतात. पहाटेच्या लोकलने कितीतरी जण बंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परततात. या गावाला ‘भुताचं गाव’ म्हणणं मला पटत नाही. दारातल्या माणसांचे, धुण्याच्या दोऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. बोली बहुतेक तमिळ. ‘वणक्कम’ म्हणून सुरुवात करा आणि एखाद्या म्हाताऱ्या खाणकामगाराला हेडगियरकडे बोट दाखवून शाफ्टचं नाव विचारा. कुठली पाळी, कुठली पातळी, पिंजरा किती वेळात खाली जायचा, हे त्यांच्याकडूनच ऐकावं. तेवढ्यासाठी दोन तास राखून ठेवा आणि परतीच्या लोकलची वेळ स्थानकावर उतरल्याबरोबर लिहून घ्या.