शेंड्याची साखर

हंगाम सुरू झाला की चिकोडी-संकेश्वर भागात उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रेटत जावं लागतं. साखरेवर आमच्याकडे कारखाने चालतात, राजकारण चालतं. बेळगावात पाहुणा आला की कुंदा लागतो. एवढी साखर भोवती असून आपल्या रक्तगटाचं नावही साखरेनंच ठरतं, याचा पत्ता फार थोड्यांना.

तांबड्या पेशीवर साखरेच्या साखळ्या उभ्या असतात. टोकाला गॅलॅक्टोज असेल तर गट बी. त्याच जागी त्याचं भावंड, एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाईन, असेल तर ए. दोन्ही नसतील तर ओ. एवढ्याशा फरकावर रक्ताची चुकीची पिशवी जीव घेते. गॅलॅक्टोज दुधातल्या साखरेतही असतं, हे ऐकून शेजारच्या काकी म्हणाल्या, “मग थोडा कुंदा चालतो म्हणायचा की!” नाही चालत, काकी. टोकाला काय बसवायचं ते जनुकं ठरवतात, ताट नव्हे.

ओ गटाच्या साखळीवरही फ्यूकोज नावाची साखर असतेच. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या लोकांच्या तांबड्या पेशींवर तीही नव्हती. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट. त्यांना ओ रक्तही चालत नाही. ‘ओ सगळ्यांना चालतं’ असं शिबिरात छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

उसाचा गोडवा बुडख्याकडे. शेंडा पांचट, तो वाडं म्हणून जनावरांपुढे जातो. पेशीवर मात्र सगळी किंमत शेंड्याला. रक्तगटाच्या साखळ्या सोडून इतर बऱ्याच साखळ्यांच्या शेंड्याला सायलिक आम्ल असतं, तीही एक साखरच. पांढऱ्या पेशींवरची सिग्लेक नावाची प्रथिनं ती चाचपतात आणि घरचंच माणूस आहे असं समजून हात आवरतात. काही जंतू इतके बिलंदर, की हीच साखर पांघरून येतात. नवजात बाळांना छळणारा ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस त्यातलाच.

हा सायलिक आम्लाचा शेंडा गळला की खालचं गॅलॅक्टोज उघडं पडतं आणि यकृत ती पेशी उचलून मोडीत काढतं. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट बराच वेळ थंडीत राहिल्या तर त्यांचं असंच होतं. म्हणून रक्तपेढीत तांबड्या पेशी फ्रीजमध्ये असतात आणि प्लेटलेटच्या पिशव्या २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या यंत्रात. तिथं त्या टिकतात साधारण पाच दिवस. डेंग्यूच्या दिवसांत नातेवाइकांची धावपळ होते ती यामुळेही.